किताब हा शब्द किताब असाच वाचला जावा म्हणून

प्रति,
मा. प्रमुख महोदय,
मरकज तथा तालुका कार्यालय (पहिला मजला, पुढचा जिना बंद असल्यास मागच्या बाजूने),
मिन्यत शहाब.

अर्जदार: हाज्जा इनशिराह अब्दुलबाकी शलबी, निवृत्त टंकलेखिका, राहणार कफ्र अल-नब्क, भट्टीची गल्ली.

विषय: 'किताब' हा शब्द 'किताब' असा वाचला जाणे व त्यायोगे लहान मुलांची पुस्तके सीलमधून मोकळी होणे याबाबत.

संदर्भ: १) माझा मूळ अर्ज. २) त्याचे स्मरणपत्र. ३) त्या स्मरणपत्राचे स्मरणपत्र. ४) यांपैकी कशालाही न आलेले आपले उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक सादर करते की, मी आपल्याच कार्यालयातून टंकलेखिका म्हणून निवृत्त झाले आहे. आपण तेव्हा येथे नव्हता, आपली खुर्ची मात्र होती. कार्यालयीन भाषा माझ्या बोटांत मुरलेली आहे, त्यामुळे या अर्जात कुठे आवाज चढलेला वाटला तर तो टंकलेखिकेचा नसून गावातल्या एका बाईचा आहे असे समजून पुढे वाचावे. मागणी एकच आहे आणि ती लहान आहे. आमच्या पुस्तकांच्या कपाटाला लावलेले व नंतर खोलीच्या दाराला लावलेले सील काढावे. शाळा उघडायला आता थोडेच दिवस उरले आहेत, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती लेकरे पुस्तकाशी जेमतेम ओळख होते न होते तोच रिकाम्या हाताने पहिलीच्या बाकावर जाऊन बसणार आहेत.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी की, कफ्र अल-नब्कमध्ये रेशनच्या भाकरीची एकच भट्टी आहे. रोज सकाळी बायका तिथे रांग लावतात, आणि जिथे बाई तिथे तिचे शेंबडे लेकरू. रांग हलते कमी, भांडते जास्त. लेकरे मातीत लोळतात, एकमेकांच्या झिंज्या ओढतात, कालव्याकडे धूम ठोकतात. एखादी आई त्यांना धरायला धावली की तिचा नंबर गेला, आणि त्यावरून जी बोलाचाली होते ती शासकीय कागदावर उतरवण्याजोगी नसते. भट्टीला लागून आपल्या कार्यालयाच्या मालकीची एक खोली आहे. पूर्वी तिच्यात पीठ असे, पुढे पीठ गेले आणि उंदीर राहिले. ती मी झाडून घेतली, भिंतींना चुना मारला, दिराचे जुने कपाट आणून ठेवले. शहरातली एक बालवाडी बंद पडत होती, तिथली चित्रांची पुस्तके टुकटुक रिक्षात घालून आणली. गावातल्या बायकांनी आपापल्या घरातली आणखी काही दिली, त्यांतल्या एकीने शिवणयंत्राचे माहितीपत्रक दिले, तेही मी ठेवून घेतले, कारण त्यात चित्रे होती. दारावर खडूने लिहिले: 'बैत किताब अल-सिघार', म्हणजे छोट्यांचे पुस्तकघर.

पद्धत साधी होती. आई रांगेत, लेकरू पुस्तकात. भाकऱ्या निघाल्या की खजुराच्या काड्यांच्या जाळीवर पसरून घरी न्यायच्या आणि लेकराने काखेत एक पुस्तक न्यायचे. दुसऱ्या दिवशी जाळी परत येते तसे पुस्तकही परत यायचे. कुणाकडे काय आहे हे लिहून ठेवण्याची गरज कधी पडली नाही, कारण रांगेतल्या बायकांना कुणाच्या घरी काल काय शिजले आणि का करपले हेही ठाऊक असते. आमच्याकडे भाकरी हातून पडली तर ती उचलून ओठांना लावतात आणि कुणाचा पाय लागणार नाही अशा उंच जागी ठेवतात. काही दिवसांनी मुले पडलेल्या पुस्तकालाही तसेच करू लागली. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. आमचे बदावीकाका, ज्यांना अक्षराची ओळख नाही, ते संध्याकाळी नातवाला मांडीवर घेऊन नुसत्या चित्रांवरून गोष्ट सांगत. बदकाच्या पुस्तकातून त्यांनी एका म्हशीच्या चोरीची गोष्ट काढली आणि ती तीन संध्याकाळी पुरवली. नातू सकाळी येऊन मला विचारी, "मावशी, यात म्हैस कुठल्या पानावर आहे?" आणि मग स्वतःच एकेक पान उलटत, ओळींवर बोट फिरवत म्हैस शोधत बसे. महोदय, वाचनाची सुरुवात याहून वेगळी कशी होते हे मला माहीत नाही. आपल्या कार्यालयाला माहीत असल्यास कळवावे.

भट्टीवर पीठ मळणाऱ्या इतिदालची मुलगी नवारा ही या सर्वांत रोजची, एकेक अक्षर मला विचारून घेणारी. यंदा ती पहिलीत जाणार. इतिदालला स्वतःला वाचता येत नाही. तिने एकदा हातातले पीठ झाडत मला जे सांगितले ते जसेच्या तसे देते: "मावशी, औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते मी शेजारणीला विचारते. शेजारीण रुसली असली की लेकराला ताप तसाच. माझ्या पोरीला कुणाच्या तोंडाकडं बघायला लागू नये, बास." या 'बास'मध्ये जे आहे तेवढ्यासाठी मी हा अर्ज करीत आहे. बाकीचे सर्व तपशील आहेत.

खोली आपली, म्हणून तिच्या वापराची रीतसर परवानगी मागावी असे मला वाटले. हा प्रामाणिकपणा मला चांगलाच महागात पडला. उंदरांनी कधी परवानगी मागितली नव्हती आणि त्यांना कुणी सीलही लावले नव्हते.

आता मुद्दा शब्दाचा. आपणास हे माहीत असणारच, तरी फाइलीत राहावे म्हणून लिहिते. आपल्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. ते अक्षरांच्या वर-खाली बारीक खुणा करून दाखवतात, आणि मोठी माणसे त्या खुणा गाळतात. खुणा हमखास सापडतात त्या पाक ग्रंथात आणि बालवाडीच्या पुस्तकात. बाकी सगळीकडे वाचणाऱ्याने आपली अक्कल वापरायची असते. तर, खुणा गाळल्या की 'किताब', म्हणजे पुस्तक, आणि 'कोत्ताब', म्हणजे मुलांनी चटईवर बसून पाक वचने पाठ करण्याची शेखजींची पाठशाळा, हे दोन शब्द कागदावर तंतोतंत सारखे दिसतात. काना-मात्रेचाही फरक उरत नाही.

माझा अर्ज आवक विभागातील उस्ताज लमई यांच्या टेबलावर गेला. लमई हे माझ्या वेळेपासूनचे. माणूस वाईट नाही, डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून टेबलाच्या खणात डोके घालून चहा पितात इतकेच. त्यांनी विषयाच्या ओळीत दारावरचेच नाव वाचले, 'छोट्यांची पाठशाळा' असा अर्थ लावला, आणि फाइल धर्मविषयक खात्याकडे वर्ग केली. अर्जात पुढे चित्रे होती, बदक होते, पाने उलटणे होते, म्हैसही होती. परंतु विषयाच्या ओळीखाली वाचण्याची पद्धत नाही, हे मी तिथे आयुष्य घालवल्यामुळे जाणते.

त्याचा पहिला परिणाम म्हणजे शेख दसूकी माझ्या दारात. शेखसाहेब गावची खरी पाठशाळा चालवतात, मीही लहानपणी त्यांच्या वडिलांच्या चटईवर बसलेली आहे. त्यांना मरकजमधून कुणीतरी कळवले की हाज्जा इनशिराह तुमच्या समोर दुसरी पाठशाळा काढतेय. दारातच उभे राहून म्हणाले, "हाज्जा, माझ्या पोटावर पाय द्यायचा होता तर आधी सांगायचं, मी चटया धुऊन पाठवल्या असत्या!" मी त्यांना खोलीत नेले आणि हातात बदकाचे पुस्तक दिले. त्यांनी ते उभ्यानेच संपवले, मग खाली बसून पुन्हा पहिल्यापासून वाचले, आणि इतके हसले की डोक्यावरचा फेटा हाताने धरावा लागला. "मरकजवाल्यांना वाटतंय मी बदकाकडून पाठांतर करून घेणार?" जाताना दोन पुस्तके आपल्या नातीसाठी घेऊन गेले, आणि 'ही पाठशाळा नव्हे, येथे पुस्तके आहेत' असा सही-शिक्क्याचा दाखला लिहून दिला. दाखला अर्जासोबत जोडला आहे. लमई यांनी तो वाचून बाजूला ठेवला. म्हणाले, "मावशी, शेखसाहेबांचं म्हणणं धरता येत नाही. ते तुमचे प्रतिस्पर्धी आहेत."

त्यानंतर धर्मविषयक खात्याचे निरीक्षक आले. अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी हातपाय धुण्याचे नळ मोजण्यासाठी नळ शोधले, चटयांसाठी चटया शोधल्या, आणि माझे पाठांतराचे प्रमाणपत्र मागितले. कपाटाचे तोंड मक्केकडे आहे का हेही तपासले व दिशा योग्य निघाली, याचा मला आजही अभिमान आहे. लेकरांनी त्यांना घेरून पुस्तक वाचून दाखवायला लावले आणि त्यांनीही मेंढीचा, कोंबड्याचा असे आवाज काढून वाचून दाखवले. निघताना मला म्हणाले, "बाई, जागा छान आहे, मुलं गुणी आहेत. फक्त पाठशाळा काही दिसत नाही हो." मी म्हटले, दिसणार कशी, ती नाहीच. त्यांनी मान डोलावली आणि कार्यालयात जाऊन अहवाल दिला, त्यातील वाक्य मी उतरवून घेतले आहे: "प्रत्यक्ष पाहणीत पाठशाळा आढळून आली नाही, सबब ती विनापरवाना चालू असल्याचे दिसून येते." महोदय, मी हयातभर आपल्या कार्यालयाची वाक्ये टंकलिखित केली. इतके घोटीव वाक्य माझ्याही हातून गेले नव्हते.

तेव्हा मी स्वतः मरकजला गेले. लमईंसमोर फाइल उघडली, शब्दावर बोट ठेवले, आणि वाद कायमचा मिटावा म्हणून त्यांचेच बॉलपेन घेऊन 'क'च्या खाली एक तिरपी रेघ ओढली. एवढीशी, डासाच्या पायाएवढी. त्या रेघेने शब्द 'किताब' होतो, दुसरे काही होऊच शकत नाही. लमईंच्या तोंडचा चहा खणात सांडला. "मावशी, काय केलंत हे! सरकारी कागद आहे, बालवाडीचं पुस्तक आहे का वर-खाली खुणा करायला? सरकार खुणांशिवाय वाचतं!" मी विचारले, वाचतं का? त्यावर त्यांनी नोंदवही पुढे ओढली, कारण नियमानुसार शासकीय दस्तऐवजात खाडाखोड झाल्याची नोंद करणे त्यांना भाग पडले. खाडाखोडीचा हेतू पुस्तके, म्हणून पुस्तके हा पुरावा, आणि पुरावा म्हणून कपाटाला सील. सील लावायला बिचारे लमईच आले. लाखेचा लाल ओघळ कपाटाच्या दारावरून खाली आला. बदावीकाकांच्या नातवाला तो मुरंबा वाटला, त्याने चाटून पाहिला आणि मग दिवसभर थुंकत बसला.

माझे स्मरणपत्र गेले. या ठिकाणी आपल्या कार्यालयाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती म्हणजे त्यांनी चूक सुधारण्याचा मनापासून प्रयत्न केला. फाइल शब्दांच्या जाणकाराकडे पाठवण्यात आली. मजकुरासोबत शेरा होता की ही पाठशाळा नाही, हे पाहणीत सिद्ध झाले आहे. माझी रेघ खाडाखोड ठरून पांढऱ्या शाईखाली गेली होती. जाणकारांनी विचार केला, 'क'च्या वर खूण केली, 'त'च्या वर खूण केली, आणि शब्द पुन्हा 'कोत्ताब' झाला. पण पाठशाळा तर नाही. तेव्हा त्या शब्दाचा जो दुसरा अर्थ आहे तो त्यांनी घेतला. 'कोत्ताब' म्हणजे लेखकमंडळीसुद्धा. खाली टीप आली: "नवोदित लेखकांचे निवासस्थान. सक्षम प्राधिकाऱ्याकडे वर्ग." आणि आपल्या देशात लेखक एकत्र जमत असतील तर सक्षम प्राधिकारी कोण असतो, हे मी लिहीत नाही, आपण अक्कल वापरून वाचावे.

काळा चष्मा लावलेले एक साहेब आले. त्यांनी नाव सांगितले नाही, त्यामुळे या अर्जात त्यांना साहेबच म्हणते. सकाळची वेळ, रांग भरलेली. कपाटाला सील असले तरी खोली उघडी होती, आणि लेकरे सवयीने तिथेच बसत. साहेबांनी दारात उभे राहून विचारले, "इथं लेखक जमतात ते कोण कोण?" मग इतिदाल भट्टीतून डोके बाहेर काढून म्हणाली, "एक तुमच्या पायाशीच आहे बघा. बुटाची नाडी सोडतोय." साहेबांनी पाय मागे घेतला. "बाकीचे?" "एक झोपलाय. एक आत्ताच मुतायला गेला, येईल." साहेबांनी वही काढली आणि विचारले की यांचा म्होरक्या कोण, हे कुणाच्या सांगण्यावरून लिहितात. मागून बदावीकाकांची बायको म्हणाली, "अहो, सांगण्यावरून ही कार्टी जेवत नाहीत, लिहितात कसली!" साहेबांनी टोपणनावे विचारली. हे मात्र बायकांना भलतेच आवडले, कारण टोपणनावाशिवायचे मूल आमच्या गावात नाही. फसफूसा, कतकूत, बुरईस, सगळी नावे रांगेतून धडाधड येऊ लागली, आणि साहेबांनी ती एकाखाली एक उतरवून घेतली. महोदय, आता कुठल्यातरी कपाटात एका गुप्त कागदावर 'फसफूसा' या नावाने लिहिणाऱ्या एका संशयित लेखकाची नोंद आहे. त्याला अजून नाक पुसता येत नाही.

मी मूळ अर्ज दाखवला, बदक सांगितले, शब्द सांगितला, रेघ सांगितली. साहेबांनी ऐकून घेतले. मग त्यांचे लक्ष भिंतीकडे गेले. खालच्या बाजूला, लेकरांचा हात पोचेल तिथपर्यंत, चुन्यावर खडूच्या आणि कोळशाच्या रेघोट्या होत्या. साहेब गुडघ्यावर बसले, चष्मा काढला, बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या टिपणात पुढे असे आले: "भिंतीवर सांकेतिक मजकूर. अर्थबोध झाला नाही. तज्ज्ञांकडे पाठवावा." त्या मजकुरातला निदान एक भाग माझ्या समक्ष लिहिला गेला होता, आणि तो काढताना कतकूत मला म्हणाला होता, "मावशी, हे बघ, मी लिहिलं." मी विचारले होते काय लिहिलंस. तो म्हणाला, "मला काय माहीत, मला अजून वाचता येत नाही ना." साहेबांना मी हेही सांगितले. त्यांनी तेही लिहून घेतले.

मग खोलीच्याच दाराला सील लागले.

इथपर्यंतचे मी हसत सांगू शकते. रांगेत आम्ही हसलोच, संध्याकाळी शेखसाहेबांच्या ओट्यावर पुन्हा हसलो. आता जे पुढे लिहिते ते सांगताना मला हसू येत नाही. साहेबांनी दारावर एक नोटीस चिकटवली आहे. छापील, मोठ्या जाड अक्षरांत, कारण लांबूनही दिसावी. आणि शब्दांच्या जाणकारांच्या भानगडीमुळे कार्यालय या वेळी फारच सावध झाले होते, म्हणून पुन्हा कुणी शब्द चुकीचा वाचू नये यासाठी तिच्यावर सर्व खुणा दिलेल्या आहेत, वरच्या आणि खालच्याही. पाक ग्रंथ आणि बालवाडीच्या पुस्तकानंतर पूर्ण खुणा असलेला आमच्या गावातला हा तिसरा मजकूर. आमच्या पुस्तकांवर नव्हत्या इतक्या ठळक खुणा या नोटिशीवर आहेत.

लेकरांना तिच्याशिवाय बघायला काही उरले नाही. आया रांगेत असत, आणि ती दारासमोर बसून नोटिशीकडे बघत. मी त्यांना काही शिकवायला गेले नाही, मला ती नोटीस फाडावीशी वाटत होती. एके दिवशी नवारा उठली, चवड्यांवर उभी राहिली, पिठाचे बोट पहिल्या शब्दावर ठेवले आणि खुणांच्या आधाराने एकेक अक्षर जोडत मोठ्याने म्हणाली, "म-ना-ई." मग मागे वळून पुन्हा म्हणाली, "मनाई! मावशी, इथं मनाई लिहिलंय!"

रांगेतल्या बायकांनी तिला उचलून घेतले. एकीने तोंडावर हात मारत 'लुलुलु' केले, जसे लग्नात करतात. इतिदाल पिठाच्या हातांनीच रडली, तिचे तोंड पांढरे झाले. मलाही रडू आले, महोदय, आणि मला आनंदही झाला, आणि दोन्ही एकाच वेळी होत असल्याची मला भयंकर चीड आली. पोरीने आयुष्यात वाचलेला पहिला शब्द. तो बदक असायला हवा होता. भाकरी असता, आई असता, अगदी शिवणयंत्र असते तरी मी गप्प बसले असते.

तेव्हापासून ती सराव करीत आहे. सरावाला गावात तोटा नाही, हे श्रेय आपल्या कार्यालयाचे. कालव्यावर: पोहण्यास मनाई. आरोग्य केंद्राच्या दारावर: वेळेआधी आत येण्यास मनाई. शाळेच्या फाटकावर, जिथे ती पुढच्या महिन्यात जाणार: पालकांना मनाई. रस्त्याच्या वळणावर: थांबण्यास मनाई, आणि थोडे पुढे, जिथून बस सुटते तिथे: बसण्यास मनाई. आईबरोबर मिन्यत शहाबला गेली तेव्हा आपल्या कार्यालयाच्या जिन्यावर तिने हा शब्द इतका खणखणीत वाचला की पहाऱ्यावरचा शिपाई दचकला. घरी इतिदालने पुढे ताट ठेवले की म्हणते, "मनाई!" आणि खदखदा हसते. बाकीची लेकरे आता तिच्याकडून शिकत आहेत. म्हणजे आपल्या कार्यालयाने, कोणताही अर्ज न करता, कोणतीही परवानगी न मागता, आमच्या गावात साक्षरतेचा वर्ग सुरू केला असून तो उत्तम चालला आहे. त्याबद्दल गावातर्फे आभार.

आता विनंती. सर्वप्रथम अशी की, फाइल आपण स्वतः मागवून घ्यावी, शब्द आपल्या डोळ्यांनी बघावा, आणि तो किताब असल्याचे एका ओळीत लिहून कपाटाचे व दाराचे सील काढण्याचा आदेश द्यावा. लेखक, पाठशाळा व सांकेतिक मजकूर ही तिन्ही प्रकरणे त्या एका ओळीने बंद होतील. ओळीत खुणा दिल्यास मी हरकत घेणार नाही.

परंतु मी आपल्या कार्यालयात काम केलेली बाई आहे. सील लावायला जितक्या सह्या लागतात त्याहून काढायला जास्त लागतात हे मला माहीत आहे, आणि शाळा आपल्या सह्यांसाठी थांबणार नाही. यासाठी पर्यायी विनंती अशी की, सील काढणे शक्य नसेल तर दारावरची नोटीस दर आठवड्याला बदलण्यात यावी. अक्षर आताएवढेच मोठे असावे. खुणा सर्व असाव्यात. मजकूर काय असावा हे ठरवण्याचा अधिकार अर्थातच आपला, तरी दर वेळी एक नवा शब्द आला तर लेकरांना उपयोग होईल. कोपऱ्यात एखादे चित्र घालता आले तर घालावे, नियमात बसत नसल्यास आग्रह नाही.

पहिल्या नोटिशीसाठी एक शब्द मात्र मी सुचवते. आमच्याकडे कुणाच्याही दारावरून जा, आतला माणूस जेवत असला तरी हाक मारतो, "या, या, आत या." गरीब असो, भांडलेला असो, हे म्हणतोच. लेकरे हा शब्द दिवसातून कितीदा ऐकतात याला गणती नाही. परवा नवाराने मला विचारले, "मावशी, 'आत या' कसं दिसतं?" मी तिला घेऊन गावभर हिंडले. तो कुठेच लिहिलेला नाही. एकाही दारावर नाही, एकाही पाटीवर नाही. मी मातीत काडीने लिहून दाखवला, तर मागून टुकटुक आली आणि त्यावरून गेली.

तेवढा एक शब्द आपण कुठेतरी छापून लावावा, एवढीच या अर्जदाराची मागणी.

कळावे. आदेशाची वाट पाहत, सील लावलेल्या दाराबाहेर उभी असलेली,

हाज्जा इनशिराह अब्दुलबाकी शलबी
कफ्र अल-नब्क, १८ ऑगस्ट